शितावरून भाताची परीक्षा. शेताची परीक्षा कशावरून?

'शितावरून भाताची परीक्षा' ही म्हण लहानथोरांच्या तोंडीं आहे, आणि चुलीपुरती ती अगदीं खरी आहे. पातेल्यांतील सारे तांदूळ एकाच पाण्यांत, एकाच आंचेवर शिजतात, आणि पळीनें एकदां खालवर केले म्हणजे वरचें शीत व तळचें शीत यांत फारसें अंतर राहत नाहीं. म्हणून एक शीत बोटानें दाबून पाहिलें कीं गृहिणीस साऱ्या भाताचें वर्तमान कळतें. परंतु हीच म्हण शेतकरी आपल्या शेतास लावूं लागला म्हणजे फसतो. शेत हें पळीनें ढवळलेलें पातेलें नव्हे. एका कडेस विहिरीची ओल, दुसऱ्या कडेस मुरमाड चढ, मध्येंच एखादा पाणथळ खळगा, बांधालगत बाभळीची सावली. असें प्रत्येक शेत ठिकाणाठिकाणीं वेगळें असतें. त्यांत उगवणारें तण, पिकावरील कीड, त्या किडीस खाणारे मित्रकीटक, मातींतील गांडुळें, हीं सर्व कोठें दाट तर कोठें विरळ असतात. अशा शेताची पारख एका ठिकाणीं उभें राहून करणें म्हणजे निम्मी पारख न केल्यासारखेंच होय.

मग सारें शेत मोजावें काय? एक एकर कपाशीचें प्रत्येक पान उलटून पाहणें कोणासही शक्य नाहीं. वनस्पति व प्राणी यांचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रज्ञांपुढें हीच अडचण आहे. रानांतील सर्व गवत, तळ्यांतील सर्व मासे, माळावरील सर्व टोळ कोण मोजणार? म्हणून त्यांनीं नमुना-पाहणीची रीत बसविली: थोड्या ठिकाणीं मोजावें, पण तीं ठिकाणें निःपक्षपातानें निवडावीं, आणि त्यावरून समग्राचा अंदाज बांधावा. या लेखांत ही रीत शेतकऱ्याच्या उपयोगाच्या दृष्टीनें सांगण्याचें आम्ही योजिलें आहे. आम्ही शास्त्रज्ञ नव्हों. आमची उभी नोकरी महसूल खात्याच्या कारकुनींत गेली. परंतु पिकाचा अंदाज, पीक कापणीचीं कोष्टकें आणि त्यांतील बेरजा-भागाकार यांचा सहवास आम्हांस पुष्कळ वर्षें घडला, व त्या सहवासांतून जें कळलें तेंच येथें मांडीत आहों.

नजरेचा अंदाज कां फसतो

जाणत्या माणसाची नजर हेंच उत्तम माप, असें पुष्कळ अनुभवी शेतकऱ्यांस वाटतें. नजरेस आम्ही कमी लेखीत नाहीं. परंतु नजरेला एक खोड आहे: जें ठळक, उंच, रंगीत किंवा वाटेलगत असतें तें तिला अधिक दिसतें, आणि जें बारीक, खुजें किंवा मध्यावर असतें तें तिच्या हिशेबांतून सुटतें.

अमेरिकेंतील नेब्रास्का प्रांतीं रॉस्को पाउंड व फ्रेडरिक क्लेमेंट्स हे दोघे तेथील गवताळ माळांचा अभ्यास करीत होते. अनेक हंगाम ते माळ तुडविल्यावर कोणती वनस्पति किती आहे हें आपणांस ठाऊक आहे असा त्यांचा समज होता. पुढें त्यांनीं पांच मीटर बाजूचे चौरस आंखून आंतील झाडें एक एक करून मोजलीं, तेव्हां नजरेचे अंदाज पुष्कळच चुकीचे ठरले. ही रीत त्यांनीं १८९८ सालीं प्रसिद्ध केली, आणि चौकट टाकून मोजण्याची पद्धति तेव्हांपासून वनस्पतिशास्त्रांत रुजली. यांपैकीं पाउंड पुढें हार्वर्ड विद्यापीठाच्या कायदेशाळेचे मुख्य झाले. पुराव्यावांचून निकाल नाहीं ही कायदेपंडिताची शिस्त त्यांनीं आधीं गवतास लावली होती, असें म्हणावयास हरकत नाहीं.

आपल्याकडील उदाहरण आणेवारीचें. रुपयांत किती आणे पीक आलें हें पूर्वीं नजरेनें ठरत असे. १९५७ सालीं दशमान नाणें आल्यावर आणेवारीची पैसेवारी झाली, परंतु नजरअंदाजाची पहिली पायरी राहिलीच. आमच्या नोकरींत एका गांवीं आम्ही पाहिलें कीं, पाहणारी मंडळी गाडीवाटेनें गेलीं, वाटेच्या दुतर्फा ओलिताचीं शेतें होतीं, तीं पाहून अंदाज चांगला लिहिला गेला. आणि वाटेपासून दूर, टेकडीच्या पायथ्याशीं असलेलीं कोरडवाहू शेतें कोणाच्याच डोळ्यांपुढें आलीं नाहींत. त्या अंदाजांत लबाडी कोणाचीच नव्हती. जागा वाटेनें निवडल्या, एवढेंच. परंतु त्या टेकडीखालच्या कुटुंबांस 'चांगलें पीक' हा शब्द किती जड गेला असेल, याची कल्पना वाचकांस सहज येईल.

जागा कशी निवडावी

नमुना-पाहणीचें सारें मर्म जागेच्या निवडींत आहे. जागा आपण निवडली कीं आपला हेतु तिच्यांत शिरतो. पीक चांगलें दाखवावयाचें असेल तर पाय आपोआप हिरव्या भागाकडे वळतात. औषध मारावयाचें मनांत आलें असेल तर किडलेलेंच झाड आधीं दिसतें. म्हणून निवड आपल्या मनाकडे न ठेवतां चिठ्ठीकडे द्यावी.

रीत अशी. शेताच्या नैर्ऋत्य कोपऱ्यापासून लांबी व रुंदी पावलांनीं मोजावी. समजा, लांबी १२० पावलें व रुंदी ८० पावलें भरली. एका गाडग्यांत १ ते १२० आंकड्यांच्या व दुसऱ्यांत १ ते ८० आंकड्यांच्या चिठ्ठ्या घालाव्या. दोहोंतून एक एक चिठ्ठी काढावी. ४७ व २३ आल्यास लांबीकडे ४७ पावलें जाऊन तेथून आंत २३ पावलें जावें; जेथें पाय थांबेल तीच नमुन्याची जागा. तेथें पीक चांगलें असो, वाईट असो, किंवा मुळींच नसो, जागा बदलूं नये. 'येथें कांहींच नाहीं, जरा पुढें पाहूं' असें म्हणणें म्हणजे हातीं आलेला पुरावा फेंकून देणें होय. कारण 'कांहींच नाहीं' हाही एक आंकडाच आहे, व तो शून्य म्हणून लिहिलाच पाहिजे.

दर आठवड्याच्या पाहणीस एवढा खटाटोप जमत नसेल, तर शेतांत नागमोडी चालावें, आधींच ठरविलेल्या इतक्या पावलांवर थांबावें, आणि उजव्या पायाच्या अंगठ्याजवळचें झाड घ्यावें. मान खालीं ठेवून पावलें मोजीत गेलें म्हणजे नजरेस निवड करण्यास अवसर राहत नाहीं. बांधालगतचीं पांचसहा पावलें सोडावीं, कारण तेथील ऊन, वारा, ओल निराळी असते. तेथील स्थिति जाणावयाची असेल तर तिची मोजणी वेगळी करावी.

शेतांत काळी व मुरमाड अशा दोन जाती उघड दिसत असतील, तर दोहोंची सरभेसळ करूं नये. आधीं शेताचे तसे भाग पाडावे, प्रत्येक भागांतून नमुने घ्यावे, आणि प्रत्येकाची सरासरी वेगळी लिहावी. औषध किंवा खत एकाच भागास लागणार असेल, तर तें यावरूनच कळेल.

चौकट आणि दोरी

तण, गवत, रोपें यांच्यासाठीं चौकट हें साधन उत्तम. चार काठ्या किंवा लोखंडी सळई घेऊन आंतून ५० सेंटिमीटर लांब व तितकीच रुंद अशी चौकट करावी. तिचें क्षेत्र पाव चौरस मीटर होतें. चिठ्ठीनें ठरलेल्या जागीं ती ठेवावी आणि आंत मूळ असलेलें प्रत्येक तण जातवारीनें मोजावें. समजा, वीस ठिकाणीं चौकट ठेवली. म्हणजे एकंदर पांच चौरस मीटर जागा पाहिली. त्यांत लव्हाळ्याचे ६० कोंब निघाले, तर दर चौरस मीटरास १२ कोंब ही त्याची दाटी झाली. वीसांपैकीं दहा चौकटींत लव्हाळा आढळला, तर आढळ शेंकडा ५० झाला.

दाटी व आढळ हे दोन आंकडे वेगळे ठेवण्यांत हेतु आहे. दाटी मोठी पण आढळ थोडा असेल, तर तण एका जागीं गोळा झालें आहे. तेवढीच जागा खणून काढल्यास काम होतें. दाटी तीच, पण आढळ शेंकडा ९० असेल, तर तण शेतभर पसरलें आहे, व उपाय सर्व शेतास करावा लागेल. सरासरी एकच, परंतु मजुरीचा खर्च अगदीं निराळा. हरळीसारख्या पसरणाऱ्या गवताचें एक झाड कोठें संपतें व दुसरें कोठें सुरू होतें हें सांगतां येत नाहीं. अशा वेळीं संख्या न मोजतां चौकटीचा कितवा हिस्सा झांकला गेला तें लिहावें.

जमिनीचा गुण एका बाजूनें दुसऱ्या बाजूस हळूहळू पालटत असेल, जसें कालव्यालगतच्या चोपण जमिनीपासून चांगल्या जमिनीकडे, तेथें दोरी घ्यावी. दर दोन मीटरांवर गांठ मारलेली लांब दोरी चोपणापासून सुरू करून सरळ ताणावी व प्रत्येक गांठीखालीं काय आहे तें ओळीनें लिहावें. कोणतें झाड कोठें संपलें, पीक कोठें तगूं लागलें, हें कागदावर नकाशासारखें उमटतें. हीच दोरी पुढील वर्षीं त्याच खुणांवर ताणली, तर चोपण पुढें सरकलें कीं मागें हटलें हेंही कळतें.

कडेची चूक

चौकट जितकी लहान तितकें काम सोपें. परंतु लहान चौकटींत एक धोका दडलेला असतो. हिंदुस्थानांत पीक कापणीच्या नमुन्यांचा पाया घालणारे जे. ए. हबॅक हे मुलकी अधिकारी होते. त्यांनीं बिहार व ओरिसा प्रांतांत भाताच्या उत्पन्नासाठीं तिकोनी सांगाडा वापरला व ती रीत १९२७ सालीं प्रसिद्ध केली. त्यांच्या तिकोनाचें क्षेत्र एकराचा ३२०० वा हिस्सा होतें. ४० शेरांचा मण आणि ८० तोळ्यांचा शेर, म्हणजे एका मणांत ३२०० तोळे. सबब तिकोनांतील धान्य जितके तोळे भरेल तितके मण एकरीं उत्पन्न. हिशेबाची ही सोय कोणाही कारकुनास मोह घालील अशी आहे.

परंतु सातारा जिल्ह्यांतील बुध गांवीं १९११ सालीं जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनीं १९४६ सालीं दाखवून दिलें कीं, फार लहान तुकड्यांवरून काढलेलें उत्पन्न खऱ्याहून अधिक येतें. कारण साधें आहे. रेषेवर उभें असलेलें झाड आंत धरावें कीं बाहेर, असा संशय आला कीं कापणाऱ्याचा हात तें आंत ओढतो. पन्नास सेंटिमीटरच्या चौकटीस दर चौरस मीटरामागें आठ मीटर कड येते. दहा मीटर लांब व पांच मीटर रुंद तुकड्यास ती साठच सेंटिमीटर येते. कड जितकी अधिक तितकी संशयाचीं झाडें अधिक. पीक कापणी प्रयोगांत बहुतेक पिकांसाठीं दहा मीटर लांब व पांच मीटर रुंद तुकडा घेतात, त्याचा फायदा हाच. त्यांतील धान्याच्या किलोस २०० नीं गुणिलें कीं हेक्टरी उत्पन्न निघतें. २०१६ च्या खरिपापासून चालू झालेल्या प्रधानमंत्री पीक विमा योजनेंत मंडळाचें उत्पन्न ठरवितांना अशा प्रयोगांचा आधार घेतला जातो. म्हणून आपल्या गांवीं प्रयोग असेल त्या दिवशीं शेतकऱ्यानें तेथें हजर राहून दोरी कशी पडते, कडेचीं झाडें कशीं धरिलीं जातात व वजन कसें होतें हें डोळ्यांनीं पाहावें, असें आम्ही आग्रहानें सांगतों.

लहान चौकट वापरणाऱ्यानें कडेसाठीं एक नियम करावा: रेषेवर मूळ असलेलें झाड डाव्या व खालच्या बाजूस असेल तर धरावें, उजव्या व वरच्या बाजूस असेल तर सोडावें. म्हणजे एकीकडील जादा दुसरीकडील सोडीनें भरून निघतें.

नमुने किती घ्यावे

पांच चौकटींत तणाचे आंकडे ३, ०, १४, ५ व ८ आले असें समजूं. बेरीज ३०, सरासरी ६. पहिल्या दोहोंवरच थांबलों असतों तर सरासरी दीड आली असती. तिसरी एकटीच पाहिली असती तर चौदा. नमुने थोडे असले कीं निकाल नशिबाच्या हातीं जातो. नमुने वाढविल्यानें चूक कमी होते, परंतु ती नमुन्यांच्या वर्गमुळाच्या हिशेबानें कमी होते. म्हणजे चूक निम्मी करावयाची तर नमुने दुप्पट नव्हे, चौपट लागतात. म्हणून कोठें तरी थांबावें लागतें. सोपा उपाय असा कीं, प्रत्येक नमुन्यानंतर तोंवरची सरासरी वहींत लिहीत जावें. आरंभीं ती खूप हेलकावे खाते, पुढें स्थिरावते. चार-पांच नमुने वाढले तरी ती हालत नाहीं असें दिसलें म्हणजे थांबावें.

कीड मोजणें

तण जागचें हालत नाहीं. कीड उडते, लपते, पानाखालीं बसते. येथें मोजण्याचें महत्त्वही अधिक, कारण निर्णय औषधाचा असतो. २०१७ सालीं आपल्या महाराष्ट्रांत कपाशीवर गुलाबी बोंडअळी पसरली, आणि त्याच हंगामांत यवतमाळ जिल्ह्यांत औषध फवारतांना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व मजूर दगावले. फवारणी ही केवळ खर्चाची बाब नाहीं, जिवाची बाब आहे. ती जरूर असेल तेव्हांच व्हावी, आणि जरूर आहे कीं नाहीं हें मोजणीनें ठरावें.

या विचारास कॅलिफोर्नियांतील स्टर्न व त्यांचे सहकारी यांनीं १९५९ सालीं शास्त्रीय रूप दिलें. कीड दिसली कीं औषध, हा नियम त्यांनीं सोडला. किडीची संख्या अमुक पातळीस पोंचली म्हणजे पुढें होणारें नुकसान उपायाच्या खर्चाहून अधिक ठरतें. त्या नुकसानीची वेळ येण्यापूर्वींच उपाय करावा, आणि त्या पातळीखालीं हात आखडावा. या पातळीस आर्थिक नुकसानीची पातळी म्हणतात. आपल्याकडे कपाशीवरील तुडतुड्यांसाठीं ती दर पानास २ ते ३, मावा व फुलकिडे यांसाठीं दर पानास १० अशी धरितात. हरभऱ्यावरील घाटेअळीसाठीं ओळीच्या दर मीटरास १ ते २ अळ्या.

कपाशींत नागमोडी चालून वीस झाडें घ्यावीं. प्रत्येकाचें वरचें, मधलें व खालचें असें एक एक पान हळूच उलटून तुडतुड्यांचीं पिलें मोजावीं. साठ पानांवर ९६ निघालीं, तर दर पानास १.६ झालीं; पातळी गांठली नाहीं, औषध नको, आठवड्यानें पुन्हां पाहावें. आंकडा पातळीच्या अगदीं जवळ आला, तर लगेच ठरवूं नये. आणखी वीस झाडें पाहावीं. फार वर किंवा फार खालीं असेल तर अधिक पाहण्याची गरज नाहीं. त्याच वेळीं ढालकिडे, क्रायसोपा, कोळी हे आपले मित्रही मोजावे. ते भरपूर असतील तर पातळीजवळ आलेली कीडही कांहीं दिवसांत उतरूं शकते, आणि घाईचें औषध आधीं त्यांसच मारतें.

गुलाबी बोंडअळीची गोष्ट निराळी. ती बोंडांत शिरली कीं तिचें छिद्र बुजून जातें व बाहेरून बोंड निरोगी दिसतें. येथें नुसती नजर सर्वांत अधिक फसते. म्हणून वेगवेगळ्या वीस झाडांवरून एक एक हिरवें बोंड, न निवडतां, तोडावें व चिरून पाहावें. दोन बोंडांत अळी सांपडली म्हणजे शेंकडा १० झालें, आणि तीच उपायाची पातळी होय. फुलांच्या दिवसांत डोमकळ्याही याच हिशेबानें मोजाव्या. वीस बोंडें गमावणें जिवावर येतें खरें. परंतु तीं वांचवून सारें शेत गमावणें हा व्यवहार कोणास परवडेल?

सापळे

रात्रीं फिरणाऱ्या किडीस सापळा हवा. गुलाबी बोंडअळीच्या कामगंध सापळ्यांत लागोपाठ तीन रात्रीं दर सापळ्यास ८ पतंग आले, तर उपायाची वेळ आली असें समजावें. जमिनीवर चालणारे भुंगेरे व कोळी यांसाठीं पेला कांठापर्यंत मातींत पुरावा. रात्रीं जे आंत पडतील ते सकाळीं मोजावे. परंतु सापळ्याचा आंकडा वाचतांना दोन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. कामगंध सापळ्यांत केवळ नरच येतात. आणि प्रकाश सापळ्यावर चांदण्या रात्रीं पतंग थोडे येतात. पौर्णिमेस आंकडा उतरला म्हणून कीड उतरली असें नव्हे. सापळा किडीची हालचाल सांगतो, एकंदर संख्या नव्हे. म्हणून सापळ्याच्या जागा व वेळा बदलूं नयेत, आणि त्याच सापळ्याचे कालचे व आजचे आंकडे ताडून पाहावे.

२००८ सालीं विदर्भ-मराठवाड्यांत सोयाबीनवर पानें खाणाऱ्या अळ्यांचा मोठा उद्रेक झाला. त्यानंतर २००९ पासून महाराष्ट्र शासनानें पिकांवरील कीड-रोगांची नियमित पाहणी व सल्ला देण्याचा प्रकल्प चालू केला. त्यांत कांहीं शेतें कायमचीं नेमलेलीं व कांहीं दर वेळीं नव्यानें निवडलेलीं असतात. हा सल्ला मोलाचा आहे. परंतु तो आसपासच्या अनेक शेतांचा मिळून असतो. आपल्या शेताचा आंकडा आपणच काढला पाहिजे.

मातींतील व पाण्यांतील प्राणी

गांडुळें मोजण्यासाठीं पावसाळ्यांत, ओल असतांना, २५ सेंटिमीटर लांब-रुंद व ३० सेंटिमीटर खोल खड्डा खणावा, माती गोणपाटावर पसरून हातानें चाळावी व गांडुळें मोजून परत सोडावीं. असे सोळा खड्डे मिळून एक चौरस मीटर होतो. शेणखताचा तुकडा व रासायनिक खताचा तुकडा यांत प्रत्येकीं आठ खड्डे घेतले, तर जमिनीच्या प्रकृतीविषयीं पुष्कळ कळेल.

शेततळ्यांतील मासे हे तर दिसतही नाहींत. त्यांच्यासाठीं डेन्मार्कमधील पीटरसन यांनीं एकोणिसाव्या शतकाच्या शेवटीं समुद्रांतील माशांवर जी खूण करण्याची रीत वापरली ती उपयोगी पडते. समजा, जाळें टाकून ५० मासे धरले, प्रत्येकाच्या पराचें टोंक किंचित् कापून खूण केली व सोडून दिले. आठ दिवसांनीं पुन्हां ६० धरले, त्यांत खुणेचे १२ निघाले. म्हणजे पांच माशांत एक खुणेचा. खुणेचे एकंदर ५०. तेव्हां तळ्यांत सुमारें २५० मासे आहेत. खाद्य याच आंकड्यावर ठरवावें. अट इतकीच कीं, मधल्या दिवसांत मासे मरूं नयेत वा बाहेरून येऊं नयेत, खूण पुसूं नये, आणि खुणेचे मासे इतरांत नीट मिसळावे. उल्हास कारंथ यांनीं १९९० नंतरच्या दशकांत कर्नाटकांतील नागरहोळे येथें वाघांच्या मोजणीस हीच युक्ति लाविली. वाघाच्या अंगावरील पट्टे हीच त्याची खूण, आणि धरण्याऐवजीं रात्रीं आपोआप निघणारें छायाचित्र. शेततळ्यांतल्या माशापासून रानांतल्या वाघापर्यंत हिशेब एकच आहे.

वहीचें महत्त्व

शेवटीं एक कारकुनी सूचना. मोजलेला आंकडा तेथल्या तेथें लिहावा. घरीं येऊन आठवून लिहिलेला आंकडा हा आंकडा नव्हे. तारीख, वेळ, शेताचा भाग, पिकाचें वय, किती ठिकाणें पाहिलीं, प्रत्येक ठिकाणीं किती निघालें, आणि नंतर काय केलें, इतके सात रकाने पुरेत. शून्य आलें तेथें रकाना कोरा ठेवूं नये, शून्य लिहावें. तीन-चार हंगामांची अशी वही झाली म्हणजे कोणत्या आठवड्यांत कोणती कीड कोणत्या कोपऱ्यांतून चढते हें ती वही सांगूं लागेल, आणि औषधाच्या दुकानीं जातांना शेतकऱ्याच्या हातीं दुकानदाराच्या शब्दाऐवजीं स्वतःचा आंकडा असेल. संघाच्या सभासदांपैकीं दहा-बारा जणांनीं जरी एकाच गांवीं एकाच रीतीनें अशी वही ठेविली, तरी त्या गांवाला आपल्या पिकाचें खरें वर्तमान कळेल. एक चौकट, एक दोरी, चिठ्ठ्यांचीं दोन गाडगीं आणि एक वही, एवढीच सामग्री लागते; येत्या आठवड्यांत पहिली मोजणी करून पाहावी, अशी सर्व वाचकांस आमची विनंति आहे.